कार्निव्हलचे मुखवटे कोठे पाहावेत, कारागिरांना केव्हा भेटावे?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी युरोपात कार्निव्हलच्या सुमारास जाण्याचा विचार करत आहोत. तेथील पारंपरिक मुखवटे पाहावेत, ते घडवणाऱ्या कारागिरांशी बोलावे आणि जमल्यास एखादा अस्सल मुखवटा घ्यावा, अशी इच्छा आहे. परिचितांनी व्हेनिसहून आणलेले मुखवटे मात्र प्लास्टिकचे निघाले. सुरुवात कोठून करावी? – एक वाचक

उत्तर : मिरवणुकीत मुखवटा पाहणे आणि तो घडवणाऱ्याशी निवांत बोलणे या दोन गोष्टी एकाच आठवड्यात क्वचितच साधतात, हे आधी लक्षात घ्यावे. कार्निव्हलच्या शेवटच्या दिवसांत कारागीर एक तर राहिलेली कामे उरकत असतो किंवा स्वतःच मुखवटा चढवून रस्त्यावर उतरलेला असतो. कार्निव्हलचा अखेरचा मंगळवार ईस्टरच्या 47 दिवस आधी येतो, त्यामुळे त्याची तारीख दरवर्षी बदलते. 2027 मध्ये तो 9 फेब्रुवारीला आहे. मिरवणुका पाहायच्या असतील तर त्या सुमारास जावे. मात्र कारागिरांची भेट हाच मुख्य हेतू असेल, तर माझ्या मते शरद ऋतू अधिक चांगला.

व्हेनिसपासून सुरुवात करण्यास हरकत नाही. तेथील मुखवटेकारांना 1436 मध्ये स्वतःची नियमावली मिळाली होती, इतका हा व्यवसाय जुना आहे. परंतु 1797 मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपल्यावर कार्निव्हल ओसरत गेला आणि 1979 मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले. त्यामुळे आजच्या बहुतेक कार्यशाळा गेल्या काही दशकांतल्या आहेत. ‘शतकानुशतके आमच्याच घराण्यात’ असे कोणी सांगितले तर ते जपूनच ऐकावे. कामाची प्रत मात्र त्यामुळे कमी होत नाही. जुन्या पद्धतीत आधी मातीचा नमुना करतात, त्यावरून प्लास्टरचा साचा काढतात, साच्यात गोंदाने भिजवलेल्या कागदाचे तुकडे थरावर थर देऊन बसवतात आणि ते वाळल्यावर डोळे कापून, पांढरा लेप देऊन, घासून मगच रंगवतात. मुखवटा उलटा करून पाहिला की आतल्या बाजूला कागदाच्या तुकड्यांच्या कडा दिसतात. प्लास्टिकचा मुखवटा आतूनही सपाट, गुळगुळीत असतो. सोनेरी वर्ख आणि पिसे पाहून भुलण्यापेक्षा ‘बाउता’ हा साधा पांढरा मुखवटा मागावा. त्याची हनुवटीकडची बाजू पुढे आलेली असते, त्यामुळे तो न काढता खाता-पिता आणि बोलता येत असे. याउलट ‘मोरेत्ता’ हा स्त्रियांचा काळा मखमली मुखवटा आतले बटण दातांत धरून सांभाळावा लागे, त्यामुळे तो घातला की बोलणेच बंद. असे तपशील विचारले की खरा कारागीर खुलतो, आणि नुसता विक्रेता असेल तर तेही लगेच कळते. डोर्सोदूरो आणि सान पोलो या भागांतील काही कार्यशाळा पर्यटकांसाठी वर्ग घेतात. त्यांत बहुधा तयार कोरा मुखवटा रंगवायला देतात. साच्याचे काम पाहायचे असेल तर नोंदणी करतानाच तसे विचारावे.

तरीही, एकच ठिकाण निवडायचे झाले तर मी सार्डिनिया बेटावरील मामोयादा हे गाव सुचवीन. तेथील ‘मामुथोनेस’ काळा लाकडी मुखवटा, अंगावर मेंढीचे कातडे आणि पाठीवर गुरांच्या गळ्यातल्या घंटांचे जड ओझे घेऊन दोन रांगांत एका लयीत पावले टाकतात, आणि लाल डगले घातलेले ‘इस्सोहादोरेस’ दोर फेकून बघ्यांना पकडतात. त्यांचे पहिले दर्शन 17 जानेवारीला, संत अंतोनियोच्या सणाच्या शेकोट्यांभोवती घडते. मुखवट्यासाठी रानटी नासपती, आल्डर, अंजीर अशी लाकडे वापरतात. लाकूड कोरून पोकळ करताना पटाशीच्या ज्या खुणा आत उरतात, त्या अवश्य पाहाव्यात. गावातील भूमध्यसागरी मुखवट्यांचे संग्रहालय आधी पाहावे आणि सध्या कोण काम करते, कोणाकडे केव्हा जाता येईल, याची तेथेच चौकशी करावी. शरद ऋतूत ‘औतुन्नो इन बार्बाजा’ या उपक्रमात परिसरातील गावे आळीपाळीने शनिवार-रविवारी आपली जुनी अंगणे आणि कामाच्या जागा पाहुण्यांसाठी उघडतात. मामोयादाची पाळी कोणत्या आठवड्यात आहे ते पाहून प्रवास आखल्यास कारागिरांना भेटणे सोपे जाते. तिकडे बस कमी आहेत, त्यामुळे मोटार भाड्याने घ्यावी.

याशिवाय हंगेरीतील मोहाच येथे ‘बुशो’ मंडळी विलो वृक्षाच्या लाकडाचे शिंगे लावलेले मुखवटे घालतात. हा उत्सव 2009 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. स्वित्झर्लंडच्या लोत्शेनताल खोऱ्यातही लाकडी मुखवटे कोरतात आणि किप्पेल गावातील संग्रहालयात ते पाहता येतात. मात्र मे 2025 मध्ये हिमनदी कोसळून त्याच खोऱ्यातील ब्लाटेन गावाचा बहुतांश भाग गाडला गेला, त्यामुळे जुन्या प्रवासपुस्तकांतील पत्त्यांवर विसंबू नये.

कार्यशाळेत जाण्याआधी त्यांच्या भाषेत दोन ओळींचे पत्र पाठवावे. काम चालू असताना छायाचित्र विचारूनच घ्यावे, आणि किमतीत घासाघीस करू नये, कारण एका लाकडी मुखवट्यामागे लाकूड वाळण्याचा दीर्घ काळही असतो. हा मुखवटा मिरवणुकीसाठी आहे की भिंतीसाठी, हेही विचारावे. त्यावर वजन, डोळ्यांच्या फटी आणि पट्ट्यांची जागा ठरते. कातडी किंवा केस लावलेला मुखवटा घेण्यापूर्वी आपल्या देशाचे सीमाशुल्काचे नियम पाहावेत.

प्रश्न : विकत घेतलेला मुखवटा घालून आम्हाला मिरवणुकीत सामील होता येईल का? – त्याच वाचकाकडून

उत्तर : व्हेनिसमध्ये खुशाल, तेथे कोणीही वेषांतर करून चौकात फिरू शकतो. इतरत्र नाही. मामोयादात मिरवणूक तेथील मंडळांची असते आणि पाहुण्याने कडेलाच उभे राहावे. बेल्जियममधील बँश गावात तर ‘जिल’, म्हणजे तेथील कार्निव्हलचा पारंपरिक वेषधारी, होण्याचा मान गावच्या पुरुषांनाच आहे, आणि चष्मा व मिशा रंगवलेला त्यांचा मेणाचा मुखवटा फक्त अखेरच्या मंगळवारी सकाळी चढवला जातो. दुपारी त्याच्या जागी शहामृगाच्या पिसांचे उंच शिरोभूषण येते आणि जिल जमलेल्या लोकांकडे संत्री फेकतात. ती भेट समजून झेलावीत. परत फेकणे तेथे अपमानाचे मानले जाते. मुखवटा जवळून पाहायचा असेल तर गावातच कार्निव्हल आणि मुखवट्यांचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे, तेथे निवांत वेळ काढावा.