फिल्मच्या युनिटमध्ये काम करताना खाण्यापिण्याची खरंच चंगळ असते का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पहिल्यांदाच युनिटमध्ये काम मिळतंय आणि ‘तिथे दिवसभर फुकट खायला मिळतं’ असं मित्राने सांगितलंय. मित्र खोटं बोलत नाही. मिळतं. खायला सवड मिळते का, हा भाग त्याने गाळला.

मी साउंडमध्ये आहे, बूम धरतो. लांब काठीच्या टोकाला माइक, तो नटाच्या डोक्यावर फ्रेमच्या जेमतेम बाहेर, आणि माझे दोन्ही हात वर. त्यामुळे सेटवरचा खाऊ मी चवीने नंतर जोखतो. आधी बघतो की तो एका हाताने, आवाज न करता, दोन टेकच्या मधल्या वेळात संपतो का. केळं या परीक्षेत पहिलं येतं. वेफर्स दरवर्षी नापास. आणि टेक चालू असताना कोपऱ्यात चॉकलेटचा कागद ‘हळूच’ सोडणारा माणूस तर माझा खास वैरी, कारण हळू सोडला की तो कुरकुराट फक्त लांबतो.

खाणं दोन तऱ्हेचं असतं. एक जेवण, ठरलेल्या वेळी, केटररचं. दुसरं म्हणजे सेटजवळ मांडलेलं टेबल: चहा, कॉफी, पाणी, फळं, बिस्किटं, सँडविच, येता-जाता तोंडात टाकायला. हॉलिवूडमध्ये या टेबलाला क्राफ्ट सर्व्हिस म्हणतात आणि ते सांभाळणारे लोक ग्रिपवाल्यांच्याच (कॅमेऱ्याची ट्रॉली, स्टँड वगैरे सामान लावणाऱ्यांच्या) युनियनमध्ये, लोकल 80 नावाच्या शाखेत मोडतात. नवखा माणूस सकाळी टेबलावरच पोट भरून घेतो आणि खरं गरम जेवण येतं तेव्हा त्याला भूक नसते. तीन-चार दिवसांत सगळे शहाणे होतात.

जेवणाची वेळ हा मात्र गंभीर मामला आहे. अमेरिकेतल्या युनियनच्या करारांत साधारण नियम असा, की कॉल टाइमपासून, म्हणजे कामावर हजर व्हायच्या वेळेपासून, 6 तासांच्या आत जेवणाची सुट्टी द्यायची. उशीर झाला की निर्मात्याला माणसागणिक दंड, आणि उशीर वाढेल तसा तोही वाढतो. अर्ध्या तासाची सुट्टी असेल तर ती शेवटच्या माणसाने ताट वाढून घेतल्यावर मोजायला लागतात, म्हणून रांगेच्या शेपटाकडे डोळे लावून एक असिस्टंट डायरेक्टर उभा असतो. संध्याकाळी 6 चा कॉल असेल तर मध्यरात्रीच्या जेवणालाही लंचच म्हणतात. काही ठिकाणी सुट्टीच न घेता सलग 10 तास काम करून लवकर पॅकअप करतात. तेव्हा खाणं हातात आणून देतात आणि ज्याला जमेल तसा तो खातो. बूमवाल्याला कसं जमतं ते विचारू नका. जिथे युनियन नाही तिथे हे सगळं निर्मात्याच्या मर्जीवर. बजेट आखडलं की पहिली कात्री खाण्याला लागते, आणि त्याहून महागडी काटकसर मी पाहिलेली नाही. उपाशी लाइटवाला तोच लाइट लावायला दुप्पट वेळ घेतो, आणि त्याचं काही चुकतही नाही.

जेवणाची वेळ टळत चालली की दिग्दर्शकाच्या आधी मला कळतं. नटाच्या शर्टाच्या आत, छातीपाशी लेपल माइक चिकटवलेला असतो. पाचव्या तासानंतर त्याच्या पोटातले कावळे माझ्या हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येतात. दोघं अगदी जवळ, कुजबुजता संवाद, आणि मधेच गुर्रर्र. टेक गेला. सगळ्यांसमोर कारण सांगून नटाला लाजवायचं कशाला? मी असिस्टंट डायरेक्टरला खूण करतो, स्पॉट दादा दोन बिस्किटं आणि पाणी घेऊन येतो, पाच मिनिटांत कावळे गप्प.

याहून गमतीचा प्रकार म्हणजे रूम टोन. सीन संपला की त्या जागेची नुसती शांतता अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करावी लागते, एडिटिंगमध्ये आवाजाचे सांधे बुजवायला. ‘कोणीही हलू नका’ अशी आरोळी होते आणि ज्याचा घास तोंडात असेल तो तसाच राहतो. गाल फुगलेला, डोळे माझ्याकडे, चावायची सोय नाही. अशा वेळी मी मुद्दाम थोडं जास्त रेकॉर्ड करतो असा आरोप माझ्यावर आहे. मी तो नाकारत नाही.

शूटिंग कोणाच्या घरात असेल तर फ्रिजची घरघर बंद करावी लागते. तो परत चालू करायला विसरलं की घरमालकाचं दूधही गेलं आणि युनिटचं आइस्क्रीमही. त्यावर आमच्या धंद्यात जुनी युक्ती आहे: फ्रिज बंद करतानाच गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही.

आता पडद्यावरच्या जेवणाबद्दल, कारण नवे लोक त्यालाच भुलतात. सीनमधलं ताट तुमच्यासाठी नसतं. ताजं दिसावं म्हणून त्यावर तेल नाहीतर ग्लिसरीन फिरवलेलं असू शकतं, ते लाइटखाली तासन्‌तास पडलेलं असतं, आणि कोणता घास कोणत्या शब्दावर उचलला हे कंटिन्युइटीवाल्यांनी टिपून ठेवलेलं असतं. तुम्ही एक द्राक्ष उचललंत तरी पुढच्या शॉटमध्ये घड बदललेला दिसतो. नटालाही त्यात सुख नाही. तोच घास आधी वाइड शॉटला, मग क्लोजअपला, मग समोरच्याच्या अँगलला. म्हणून ‘कट’ झाल्यावर थुंकायला बादली हाताशी ठेवलेली असते. मुरलेले नट ताटात नुसता चमचा फिरवत राहतात आणि पूर्ण सीनमध्ये दोनदाच खातात. आमची कामं वेगळीच: कपाच्या बुडाला फेल्ट चिकटवायचं, टेबलक्लॉथखाली जाड कापड घालायचं, नाहीतर ऐन वाक्यावर खणकन आवाज येतो.

रात्रीच्या शूटिंगला खाण्याची किंमत खरी कळते. पहाटे 3-4 च्या सुमाराला शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं, थंडी वाजते आणि हात आपोआप गोडाकडे जातो. गोडाने क्षणभर तरतरी येते, मग आधीपेक्षा जास्त पेंग. त्या वेळी कागदी कपातलं गरम सूप जो आणून देतो त्याच्यासाठी युनिट काहीही करायला तयार असतं. कॉफी जपून प्या. कॅफिनचा निम्मा भाग 5 तासांनीही साधारण अंगात असतो, म्हणजे पहाटेची कॉफी सकाळची झोप घालवते.

एक गोष्ट मला कधीच पटलेली नाही. काही सेटवर मोठ्या लोकांचं जेवण वेगळं, युनिटचं वेगळं आणि गर्दीत उभं राहायला आणलेल्या ज्युनिअर आर्टिस्टांचं त्याहून वेगळं असतं. ज्यांना आधी कामाला भिडायचंय त्यांनी रांगेत पुढे जावं, हे समजू शकतो. पण पदार्थच वेगळे कशाला?

तुमच्यापुरतं सांगायचं तर पहिल्या दिवशी पाण्याची बाटली नाव घालून न्या, नाहीतर दिवसाअखेर अर्ध्या भरलेल्या पन्नास बाटल्या आणि त्यातली आपली कोणती हे कोणालाच माहीत नसतं. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर प्रॉडक्शनला आदल्या दिवशीच कळवा. आउटडोअरला शिजवलेलं अन्न उघड्यावर 2 तासांहून जास्त वेळ राहिलं असेल तर कितीही भूक लागली तरी हात लावू नका, विशेषतः मेयॉनीज नाहीतर क्रीम घातलेल्या पदार्थांना. सोबत मूठभर सुकामेवा ठेवा, पण डबीत. पाकिटात नको. मी हेडफोन लावून जवळच उभा असेन.