वाचकांचे प्रश्न : पित्ताशयाचा दाह आणि हायडा स्कॅन

प्रश्न : आईचं वय ६१. दोन दिवस उजव्या बरगडीखाली दुखतंय, ताप आहे. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड आली, खडा दिसला नाही. आता हायडा स्कॅन सांगितलंय. सोनोग्राफी झाल्यावर हे कशाला? पित्ताचा त्रास तिला जुनाच आहे, त्याचंच असेल का? (गडहिंग्लज)

उत्तर : शेवटचं आधी. घरात आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो ती जठरातली आम्लता. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठतं ते पित्त वेगळं. नाव एकच असल्यामुळे घोटाळा होतो आणि पित्ताशय सुजलेलं असताना माणूस थंड दुधावर दिवस काढतो. दुधातल्या स्निग्धांशाने पित्ताशय आवळतं, म्हणजे कळ वाढायचीच शक्यता जास्त.

सोनोग्राफी पहिली, हे बरोबरच. खडा, भिंतीची जाडी (३ मि.मी.पर्यंत ठीक), भोवतीचं पाणी, प्रोब नेमका तिथे दाबल्यावर उठणारी कळ, एवढं ती दाखवते. पण भिंत डेंगीत, काविळीत, सिरॉसिसमध्ये (यकृत कडक होण्याच्या आजारात), रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरलं तरी जाड दिसते. शिवाय पित्ताशयाच्या नळीत रुतलेला बारीक खडा हुकू शकतो.

हायडा स्कॅन पित्ताचं वाहणं दाखवतं. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेलं मेब्रोफेनिन नावाचं औषध, साधारण ३ ते ५ मिलिक्युरी, शिरेतून देतात. बिलिरुबिन ज्या वाटेने पित्तात उतरतं त्याच वाटेने हेही उतरतं. त्याचे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याखाली उताणं झोपवून तासभर, बहुधा मिनिटाला एक, अशी चित्रं घेतात. आधी यकृत उजळतं, मग पित्तनलिका, आणि तासाभरात पित्ताशय व लहान आतडं. तीव्र दाहात पित्ताशयाची नळी बहुधा तुंबलेली असते. त्यामुळे आतडं उजळतं आणि पित्ताशयाची जागा काळीच राहते. पित्ताशय नीट भरलं, तर तीव्र दाह जवळजवळ नाहीच असं समजावं. दुखण्याचं कारण मग दुसरीकडे शोधायचं.

प्रश्न : वडील चार दिवस आयसीयूत, तोंडाने काही नाही. हायडा रिपोर्टमध्ये ‘पित्ताशय दिसले नाही’ असं आलं, पण सर्जन म्हणाले यावर लगेच ऑपरेशन ठरवणार नाही. रिपोर्ट चुकीचा का? (शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : चित्र चुकीचं नसावं. अर्थ लावताना थांबावं लागतं, आणि सर्जन थांबले ते योग्यच.

काही खाल्लं नाही की पित्ताशयाला रिकामं व्हायचं कारणच उरत नाही. २४ तासांपेक्षा जास्त उपास झाला तर ते घट्ट, चिखलासारख्या पित्ताने गच्च भरतं आणि नवं पित्त आत शिरत नाही. नळी उघडी असूनही चित्र दाह झाल्यासारखंच येतं. म्हणून अशा रुग्णाला आधी सिनकॅलाइड हे पित्ताशय आवळायला लावणारं औषध देऊन ते रिकामं करतात, अर्धा तास थांबतात आणि मग टेक्नेशियमचं इंजेक्शन देतात. तुमच्या रिपोर्टमध्ये हे केल्याची नोंद आहे का, ते पाहा. नसेल तर विचारा. यकृत फार बिघडलेलं असलं तरीही पित्ताशय दिसत नाही.

दुसरी बाब मॉर्फिनची. तासाभरात आतडं दिसलं आणि पित्ताशय नाही, तर किलोमागे ०.०४ मि.ग्रॅ. मॉर्फिन (६० किलोच्या माणसाला २.४) दोन-तीन मिनिटांत हळू देतात आणि आणखी अर्धा तास चित्रं घेतात. मॉर्फिनने पित्तनलिकेच्या तोंडाचा झडपेसारखा स्नायू आवळतो, आतला दाब वाढतो आणि नळी उघडी असेल तर पित्त मागे पित्ताशयात ढकललं जातं. एवढं करूनही ते दिसलं नाही, तर दाहाचं निदान पक्कं होत जातं. मॉर्फिन द्यायचं नसेल तर ३ ते ४ तासांनी पुन्हा चित्र घेतात. गंमत अशी की हेच औषध दुखण्यासाठी स्कॅनच्या आधी दिलेलं असेल तर आतडंच उशिरा दिसतं आणि मुख्य नलिका तुंबल्याचा भास होतो. ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, फेंटॅनिल ही मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं कधी टोचली ती वेळ सांगितलीच पाहिजे.

रिपोर्टमध्ये पित्ताशयाच्या जागेभोवती यकृताची उजळ कडा लिहिली असेल, तर मात्र वेळ घालवू नये. भिंत सडायला लागल्याची ती खूण असू शकते.

प्रश्न : खडे नाहीत, पण जेवल्यावर दुखतं. पित्ताशयाचं ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ २९ टक्के आलं. काढून टाकावं का? (इचलकरंजी)

उत्तर : इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे पित्ताशय आवळल्यावर त्यातलं किती टक्के पित्त बाहेर पडतं तो आकडा. त्यासाठी सिनकॅलाइड (पित्ताशय आवळायला लावणारं औषध) तासभर सावकाश दिलं असेल तर ३८ टक्क्यांखाली कमी धरतात. दोन-तीन मिनिटांत टोचलं असेल तर निरोगी माणसाचाही आकडा पडतो, वर पोटात मुरडा येतो. दूध किंवा स्निग्ध आहार देऊन मोजलं असेल तर मर्यादा वेगळी. आधी पद्धत विचारा. नुसत्या आकड्यावर ऑपरेशन करू नये.

प्रश्न : सकाळी नऊची वेळ आहे, गारगोटीहून यायचं. उपाशी किती राहू? घरी लहान नातू आहे. (गारगोटी)

उत्तर : रात्री आठ-नऊला हलकं जेवा, तांबडा-पांढरा नको. त्यानंतर फक्त पाणी. पहाटे स्टँडवरचा दुधाचा चहाही नको. चार तासांच्या आत खाल्लं तर पित्ताशय आवळलेलं राहतं आणि भरत नाही. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिनचं आदल्या दिवशीच विचारा, उपाशीपोटी साखर घसरेल. शेवटचा घास किती वाजता, हे चिठ्ठीवर लिहून आणा.

किरणोत्सर्ग साधारण ३ मिलिसिव्हर्ट, वर्षभरात निसर्गातून मिळतो त्याच्या आसपास. त्या दिवसापुरतं नातवाला तासन्‌तास मांडीवर घेऊ नका आणि संडासात पाणी जास्त टाका. घरातली कुणी बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल आणि तपासणी तिची असेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगायला हवं.

एसटी चुकली तर फोन करा. टेक्नेशियम सहा तासांत निम्मं उरतं आणि तुमचा डोस नऊच्या हिशोबाने मोजून ठेवलेला असतो.