‘मुलांना वळण नाही’ म्हणून गेले पाहुणे

गणपती झाले की, दिवाळी झाली की आणि जानेवारीचा पहिला आठवडा उजाडला की माझ्याकडे आया एकच प्रश्न घेऊन येतात. शब्द तेवढे बदलतात. “एरवी शहाण्यासारखी असतात हो मॅडम, पण चार माणसं जमली की अशी वागतात की तोंड लपवायची पाळी येते. माझंच काही चुकतंय काय?” बेळगाव शहरात हे जास्त करून गणपतीनंतर ऐकू येतं. कॅम्प, खानापूर, लोंढा या बाजूच्या ख्रिस्ती घरांतून ते नाताळनंतर येतं. खालची हकीकत अशाच एका घरातली आहे. त्या आईची परवानगी घेतली आहे आणि घर ओळखू येईल ते सगळं बदललं आहे.

खानापूर तालुक्यातलं कॅथलिक कुटुंब. घरात कोकणी, गल्लीत मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, म्हणजे आपल्याकडचं नेहमीचंच. थोरला सात वर्षांचा, मधली चारची, शेंडेफळ दीड वर्षाचं. नाताळला मुंबईहून नणंद आणि तिची माणसं, अनमोड घाट चढून वास्कोहून दीर-जाऊ. चौदा माणसं आणि बाथरूम एक. सव्वीसला नणंद निघताना दारात म्हणाली, “मुलांना अजिबात वळण नाही तुझ्या. थोरला तर वाह्यातच झालाय.” बाईंना ते इतकं लागलं की रात्रभर मोबाईलवर वाचत बसल्या आणि सकाळी त्यांचं ठरलं होतं, थोरल्याला ‘हायपर’चा आजार आहे, टेस्ट करून घ्यायची.

या आजाराच्या, म्हणजे अतिचंचलतेच्या (एडीएचडी), निदानाला काही अटी असतात. लक्षणं निदान सहा महिने सतत दिसायला हवीत, आणि तीही एकाच ठिकाणी दिसून भागत नाही. घरी दिसतात, शाळेतही दिसतात, असं लागतं. या मुलाच्या शाळेतल्या बाईंचं म्हणणं असं होतं की बडबड्या आहे, पण वही पुरी करतो. दोन दिवसांच्या सणावरून त्याला आजार चिकटवायचं काही कारण नव्हतं. पण “काही नाही हो, मुलं आहेत” असं सांगून मी त्यांना परतही पाठवलं नाही. अशा दिलाशानं आईच्या डोक्यातला प्रश्न जात नाही, फक्त ती तो पुन्हा विचारत नाही.

मी त्यांना कागद दिला आणि म्हटलं, मुलं कशी वागली ते राहू दे. तेवीस, चोवीस, पंचवीस या तीन दिवसांचं घड्याळ लिहा. कोण किती वाजता उठलं, जेवलं, झोपलं. आणि जिथं काही सांडलं, फुटलं, रडारड झाली, तिथं त्या वेळी मूल कुणाकडे होतं तेही लिहा.

शेवटचा रकाना भरताना त्यांचा हात थांबला.

तेवीसला दुपारी कुलकुलं करायला सगळी बसली होती. ज्यांनी केली नसतील त्यांच्यासाठी: मैद्याची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, चपटी झाली की सुरळीसारखी गुंडाळत सोडवायची, म्हणजे तिच्यावर रेघा उठतात आणि ती शिंपल्यासारखी दिसते. मुलांना यासारखा खेळ नाही. थोरल्यानं दोन ताटं भरून केली, हे त्यांना मी विचारल्यावर आठवलं. नणंदेच्या यादीत ते नव्हतं. त्याच वेळी धाकटा मैद्याच्या परातीत जाऊन बसला. स्वयंपाकघरात मोठी माणसं सहा. मूल कुणाकडे होतं? “सगळीच होती की तिथं.”

संध्याकाळी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळताना कढईतून काढलेला झारा ताटाच्या काठावर ठेवला होता. थोरल्यानं उचलला, दोन बोटं भाजली. कुणीतरी टूथपेस्ट चोपडली. (भाजल्यावर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा, टूथपेस्ट नको, बर्फ नको, हळद नको. हे मी प्रत्येक सणाआधी सांगते आणि प्रत्येक सणानंतर टूथपेस्ट निघतेच.) मूल कुणाकडे होतं? तो बाबांकडे असेल असं आईला वाटलं, बाबांना वाटलं आत आईकडे आहे.

चोवीसला सकाळी नणंदेनं आणलेल्या बॅटरीच्या मेणबत्त्यांपैकी एकीचं बूड उघडं सापडलं आणि आतली बटणाएवढी बॅटरी गायब. अर्धा तास घरभर धावपळ, शेवटी ती सोफ्याखाली मिळाली. इतर खोड्यांवर मी हसले, या ठिकाणी नाही. अशी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका असली तरी उलटी काढत बसायचं नाही, थेट मोठा दवाखाना गाठायचा. स्क्रूनं बंद होत नाही अशी बॅटरीची वस्तू दीड वर्षाच्या मुलाच्या घरात नकोच.

मग मुख्य प्रकार. आमच्याकडच्या कॅथलिक घरांत येशूच्या जन्माच्या देखाव्याचा गोठा आधी मांडतात, पण बाळ येशू गवताच्या बिछान्यावर ठेवायचा तो चोवीसच्या मध्यरात्री. तोवर मूर्ती कपाटात. रात्री चर्चला निघायच्या आधी आजीनं कपाट उघडलं तर मूर्ती नाही. सगळ्यांनी एका सुरात थोरल्याचं नाव घेतलं. तो नाही नाही म्हणत होता, कुणी ऐकलं नाही, काकानं एक चापटही दिली. मूर्ती मिळाली दुसऱ्या दिवशी, तांदळाच्या डब्यात, आजीच्या रुमालात गुंडाळलेली. ठेवली होती मधलीनं. “त्याला झोप आलेली,” एवढंच ती म्हणाली. यातून बालमनाचा अर्थ काढायचा मोह होतो, मी काढत नाही. मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच: मूर्ती सापडल्यावरही थोरल्याला कुणी ‘चुकलं रे’ म्हटलं नव्हतं. पंचवीसला दुपारी त्यानं अंगणातला कंदील, नाताळचा तारा, काठीनं फाडला. नणंदेच्या ‘वाह्यात’चा पुरावा हाच.

आता झोपेचा रकाना. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ साली वयानुसार झोपेचे तास दिले, तेच बालरोगतज्ज्ञ वापरतात. चोवीस तासांत, दुपारची झोप धरून, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, तीन ते पाचला १० ते १३. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२. मधली चोवीसला दुपारी झोपलीच नाही, भावंडं आली होती ना. संध्याकाळी सातला सोफ्यावर कलंडली, दहाला तिला उठवून टोचरा फ्रॉक चढवला, मिडनाइट मासला, म्हणजे चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला नेलं. अर्धं जागं पोर, गर्दी, डिसेंबरची थंडी, निघताना कुणीतरी भरवलेला केक. तिला चर्चमध्येच उलटी झाली. घरी येऊन केक कापून झोपायला दोन वाजले, साडेसहाला पाहुण्यांच्या गडबडीत पुन्हा जाग. बेरीज साडेसात तास. थोरल्याची साडेचार. मोठ्या माणसाला साडेचार तासांच्या झोपेवर दिवसभर पाहुण्यांशी गोड बोलायला लावा आणि बघा.

आजीचं निदान वेगळं होतं. “गोड खाऊन पिसाळतात पोरं.” हे मी मराठी, कन्नड, कोकणी तिन्ही भाषांत ऐकलंय. साखरेनं दात किडतात, भूक मरते, सगळं खरं. पण मुलं त्यानं उधळतात का, याच्या चाचण्या एकत्र करून १९९५ साली तपासल्या, तेव्हा वागण्यात फरक दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग मला जास्त आवडतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं आणि काही आयांना सांगितलं, यात भरपूर साखर होती. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी दिसली, आणि त्या मुलांना टोकतही जास्त होत्या. थोरल्याचं असंच चाललं होतं. तो खोडकर हे आधी ठरलं आणि मग खोड्या दिसत गेल्या. मूर्तीची खोडी तर त्याची नव्हतीच.

पंचवीसला आणखी एक प्रसंग झाला होता, आणि तो सांगताना बाईंचा आवाज बसला. जेवणाआधी मुलांनी मोठ्यांकडून बेसांव घ्यायचं, म्हणजे आपला आशीर्वाद. मधली नणंदेपुढे गेली नाही. ओढली तर टेबलाखाली शिरून किंचाळायला लागली. पाहुणे गप्प. “मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं.” मी विचारलं, नणंद त्याआधी कधी भेटली होती? दोन वर्षांपूर्वी. म्हणजे मुलगी दोनची असताना. चार वर्षांच्या पोरीच्या लेखी ती परकी बाई होती, मोठ्या आवाजाची आणि जवळ ओढणारी. लांबून हात जोडून, किंवा आजीच्या कडेवरून बेसांव मागितलं तर आशीर्वाद काही कमी पडत नाही. रीत राहते, पोरही राहतं.

कागद पुरा झाल्यावर त्यांनीच शेवटचा रकाना वरून खाली वाचला. कुठंही एक नाव नव्हतं. ‘सगळे’, ‘बाबा असतील’, ‘नणंदेच्या पोरींबरोबर’. घर भरलं की मूल सगळ्यांचं होतं, म्हणजे लक्ष कुणाचंच नसतं. आणि काही घडलं की ते परत एकटीचं होतं, आईचं. मुलांना वळण नाही हे वाक्य बापाला कुणी ऐकवलं नव्हतं.

म्हणून पुढच्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, “मी होतोच की घरात.” हे वाक्य मला इतक्या पुरुषांनी ऐकवलंय की त्याची आता चीड येत नाही. मी त्यांना कागद दिला. वाचून म्हणाले, “मग काय करायचं म्हणता?”

करायचं फार नव्हतं. मूल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तोंडानं, नाव घेऊन सांगायचं: “आता धाकटा तुझ्याकडं, मी तळायला बसालोय.” समोरच्यानं ‘हं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. तळण चालू असताना मुलं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, आणि बाहेर त्यांच्याबरोबर एक मोठं माणूस, मोबाईल खाली ठेवून. दुपारी दीड ते तीन घर शांत, पाहुणे असोत नसोत. जेवण पाहुण्यांच्या पंगतीबरोबर नाही, मुलांच्या रोजच्या वेळेला.

अडलं ते मिडनाइट मासवर. सासूबाई म्हणाल्या, या घरात तो कधी चुकलेला नाही. त्यांचं दुःख खरं होतं, मी ते हसण्यावारी नेलं नाही. पण नाताळचा मास एकच नसतो, पंचवीसच्या सकाळीही असतो, हे मला त्यांना सांगायची गरज नव्हती. तो मुद्दा त्यांच्या मुलानंच काढला: लहान दोघांना घेऊन मी घरी थांबतो, सकाळच्या मासला नेतो. थोरला दुपारी झोपला तर आजीबरोबर रात्री जाईल, आणि बाळ येशू गोठ्यात तोच ठेवेल. हे शेवटचं मी सुचवलं होतं. मूर्तीच्या प्रकरणात घर त्याचं काही देणं लागत होतं. बापानं त्याला स्पष्ट सांगितलंही, “त्या दिवशी तू घेतली नव्हतीस, आम्ही ऐकलं नाही.” बाई म्हणाल्या, तो काही बोलला नाही, फक्त विचारलं, “काकाला पण सांगितलंस काय?”

एक गोष्ट इथं सांगून ठेवते. असं किंचाळणं, मारणं, वस्तू फोडणं साध्या दिवशीही आठवडेच्या आठवडे चालू असेल, शाळेतूनही तेच कानावर येत असेल, आधी येणारं बोलणं मागं पडत असेल, तर घड्याळ लिहून भागणार नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि आईलाच झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे, फोन फुकट. या बाईंना त्याची गरज पडली नाही. त्यांना नणंदेला काय उत्तर द्यायचं याची जास्त काळजी होती. मी म्हटलं, उत्तर नको, काम द्या. पुढच्या वर्षी दुपारच्या शांततेची राखण नणंदेकडे द्या.

पुढचा नाताळ झाल्यावर फोन आला. सव्वीसलाच. धाकट्यानं द्राक्षाचा रस गोठ्यातल्या गुरांना पाजला होता, मेंढ्या जांभळ्या झाल्या होत्या. त्या वेळी तो जावेकडे होता, आणि जावेनंच सगळं पुसलं. मधलीनं नणंदेला लांबूनच हात जोडले. नणंद “अजून लाजालीय ही” म्हणाली, एवढंच. दुपारी मात्र मुलं झोपली नाहीत, नणंदच झोपली.

“पण मॅडम, एकतीसचं कसं करायचं?” त्यांचा खरा प्रश्न हा होता. बेळगावकडं एकतीसच्या रात्री ओल्ड मॅन जाळतात. गवत, जुनी पँट-शर्ट, मडक्याचं डोकं, आणि बाराच्या ठोक्याला आग. थोरल्यानं पुतळा अंगणात उभाही केला होता. मी म्हटलं, घरचा ओल्ड मॅन रात्री आठला जाळा, बादलीभर पाणी शेजारी ठेवून. मागून थोरल्याचा आवाज आला, “आठला वर्ष संपत नाही की!” मग फोनवरच त्यांची घासाघीस सुरू झाली. तो साडेअकरावरून दहावर आला, आई साडेआठवरून नऊवर, आणि बाबांना विचारतो म्हणून तो पळाला.