‘एकटेपणा’ या विषयावर काम करायचं आहे, पण दृश्यच सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही म्हणता, एकटेपणावर वहीची पंधरा पानं भरली, पण चित्राला बसलं की खिडकीतली बाई नाहीतर वाळलेलं झाड एवढंच सुचतं. ‘एकटेपणा’ हा शब्द सगळ्यांचा आहे, त्याला चिकटलेली चित्रंही सगळ्यांचीच. काही दिवस तो शब्द बाजूला ठेवा.

माझा विषय होता सुटलेलं घर. लालबागची आमची चाळ पुनर्विकासात गेली, त्यानंतर मी मोडक्या जिन्यांची आणि उडणाऱ्या कबुतरांची तीन चित्रं केली. सरांनी ती पाहिली आणि विचारलं, “तुमच्या खोलीत रात्री कोण कुठे झोपायचं?” मला ते तोंडपाठ होतं. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. आजी दाराशी, कारण पहाटे चारला पाण्याला तीच उठायची. मी कॉटखाली.

मग मांजरपाटाचे पट्टे जोडून खोलीएवढं कापड शिवलं आणि प्रत्येकाची झोपायची जागा खऱ्या मापात आखली. काकांपाशी हात थांबला. ते गिरणीत रात्रपाळीला. त्यांच्या जागेवर रात्री माझा भाऊ झोपायचा, सकाळी तो उठला की काका तिथंच आडवे व्हायचे. म्हणून रात्रीची माणसं निळीनं काढली आणि दिवसाची गेरूनं, डिंकाच्या पाण्यात कालवून. एका जागेवर दोन रंग चढले. आमच्या घरात जागासुद्धा पाळीनं मिळायची, हे इतकी वर्षं तिथं राहून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. संकल्पना आधी पक्की करायची आणि मग तिचं चित्र करायचं, हा माझा समज त्या दिवशी गेला.

झरीना हाश्मींची ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) ही ३६ वूडकट्सची, म्हणजे लाकडात कोरून छापलेल्या चित्रांची मालिका जरूर पाहा. अलीगढमध्ये वाढलेली, पुढे शहरामागून शहर बदलत राहिलेली ही चित्रकार. घर, उंबरठा, अंगण, सीमा असा एकेक उर्दू शब्द आणि सोबत मोजक्या रेषांची आकृती. माणूस एकही नाही, तरी ती पाहताना माझा गळा दाटून येतो.

तुमच्या प्रश्नात जाता जाता एक ओळ आलीय: पुण्यात एकटं राहायला लागून दोन वर्षं झाली, तरी भात दोघांचाच टाकला जातो. तीच धरा. उरलेल्या भाताची रोज खळ करा आणि तिनं एक कोरा कागद कालच्या कागदावर चिकटवा. ज्या दिवशी भात उरणार नाही, त्या दिवशी कागदही नाही. महिनाभर काहीही रंगवू नका, गठ्ठा किती जाड होतो ते बघा. खळीत चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर कीड लागेल. ते विषारी असतं, तेव्हा खळीचं भांडं स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू देऊ नका.