ईएसपी-०१ या वायफाय मॉड्यूलवरील मूळ एटी फर्मवेअर (सिरीयलवरून आलेल्या ‘एटी’ आज्ञा पाळणारा प्रोग्राम) काढून स्वतःचे घालता येते का? चुकले तर मॉड्यूल कायमचे बंद पडते का?

घालता येते. मॉड्यूलवरील ईएसपी८२६६ ही चिप स्वतःच ३२ बिटांचा प्रोसेसर असून एटी फर्मवेअर हा त्यावर चालणारा केवळ एक प्रोग्राम आहे. त्यामुळे सेन्सर वाचून माहिती पाठवण्याएवढेच काम असेल, तर वेगळा मायक्रोकंट्रोलर लावण्याचे कारण सहसा उरत नाही.

मॉड्यूल कायमचे बंद पडण्याची भीती मात्र अनाठायी आहे, कारण सिरीयलवरून नवा प्रोग्राम स्वीकारणारा बूटलोडर चिपच्या रॉममध्ये असतो आणि फ्लॅशमध्ये काहीही चुकीचे लिहिले गेले तरी तो शाबूत राहतो. जीपीआयओ ० ही पिन ग्राउंडला जोडून रीसेट दिला की तो सुरू होतो. जीपीआयओ २ मात्र त्या वेळी हाय असावी लागते.

खरी डोकेदुखी वीजपुरवठ्याची असते. वायफायवरून माहिती पाठवण्याच्या क्षणी हे मॉड्यूल ३०० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, तर यूएसबी-सिरीयल जोडणी करणाऱ्या एफटी२३२आर चिपच्या ३.३ व्होल्टच्या पिनमधून जेमतेम ५० मिळतात. मग लिहिणे अर्धवट थांबते आणि दोष फर्मवेअरला दिला जातो. ३.३ व्होल्टचा, किमान ५०० मिलिअँपिअरचा स्वतंत्र रेग्युलेटर लावावा. ५ व्होल्ट थेट देऊ नयेत, हे सांगायला नकोच.

लिहिण्यापूर्वी ईएसपीटूल या संगणकावरील प्रोग्रामच्या रीड-फ्लॅश आज्ञेने मूळ फर्मवेअरची प्रत काढून ठेवावी. ही सोय सगळीकडे गृहीत धरू नये: नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ५२ या ब्लूटूथ चिपच्या मॉड्यूलवर वाचनसंरक्षण चालू असल्यास प्रत काढता येत नाही, आणि ते उठवताना संपूर्ण फ्लॅश पुसली जाते.