बिबळ्याचा पेला आणि काकांची वही

"गोळ्या न घेता झाडपाल्यावर शुगर आटोक्यात येईल का हो?" मधुमेहाच्या ओपीडीत माझ्या टेबलावर हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा येतोच. विचारणारा बहुतेक वेळा आधीच सुरुवात करून आलेला असतो.

हे काका तसेच. एसटीतले निवृत्त कंडक्टर. पिशवीतून एकेक वस्तू निघाली: बिबळ्याच्या झाडाच्या लाकडाचा, रात्रभर पाणी ठेवून प्यायचा पेला, जांभळाच्या बियांचं चूर्ण, कारल्याचा रस आणि बाजारातल्या वैदूकडची बिनलेबलची पुडी.

"सहा आठवडे झाले. उपाशीपोटी १९० होती, १३४ वर आली. गेल्या आठवड्यात गोळ्या बंद केल्या."

काकू इतका वेळ गप्प होत्या. "अहो, चहातली साखर सोडलीत, पहाटे तळ्यापर्यंत चालता, ते सांगा की. आणि गेल्या आठवड्यात वाटेत घाम फुटून हातपाय थरथरले, तेही."

"ते कधी, गोळ्या चालू असताना?"

"हो, शेवटच्या दिवशी."

पुडी मी तिथेच बाजूला ठेवली. अशा चूर्णांत शुगरच्या गोळ्या कुटून मिसळल्याचं तपासण्यांत आढळलेलं आहे. डॉक्टरांनी दिलेल्या ग्लिमेपिराइड या शुगर उतरवणाऱ्या गोळीवर असली पुडी आणि वर कारल्याचा रस, मग साखर एकदम घसरली तर नवल काय!

पेला मात्र टाका म्हटलं नाही. बिबळा म्हणजे विजयसार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा त्यावरचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला, त्यात ९७ पैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत काबूत आली होती. पण तिथे मोजून अर्क दिला होता, डॉक्टरांची नजर होती, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. रात्रभर पेल्यात ठेवलेल्या पाण्यात किती उतरतं, ते घरी कोण मोजणार?

"तुम्ही आयुष्यभर तिकिटांचा हिशेब लावलात ना काका? मग याचाही लावू." डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, डोस त्यांनीच ठरवला. रस, चूर्ण बंद. चालणं आणि पेला चालू. वहीत उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, तीन महिन्यांनी, कारण रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते; आठवड्याभरात त्या आकड्यातून काही कळत नाही.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ८.८ वरून ७.३ वर. "पेल्याचा गुण!" काका. "चालण्याचा," काकू. मला विचाराल तर गोळ्यांचाही. भांडण मिटेना, तेव्हा काकाच म्हणाले, "पुढचे तीन महिने पेला माळ्यावर. बाकी सगळं तसंच."

त्या तपासणीत ७.२ आली. काका वही उलटसुलट करत बराच वेळ बसले. पेला माळ्यावरून खाली आलाय खरा, पण काकूंनी त्यात देवघरातल्या वाती ठेवल्यात.