थायलंडमधला मुक्काम : लग्नाच्या आधारावर की निवृत्तीच्या?

प्रश्न : मी ५८ वर्षांचा आहे, सूतगिरणीतून निवृत्त झालो. पत्नी थाई नागरिक आहे, लग्नाची नोंद सोलापुरातच झाली. आता तिच्या गावी, उदोन थानीला, कायमचे राहायला जायचे आहे. तिथे राहण्याच्या परवानगीची एक वर्षाची मुदतवाढ लग्नाच्या आधारावर घ्यावी की निवृत्तीच्या?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुम्हाला दोन्ही चालतील. निवृत्तीसाठी वयाची ५० वर्षे पूर्ण हवीत, ती आहेतच. थाई बँकेत ८ लाख बाथ किंवा दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न दाखवावे लागते. लग्नासाठी हेच आकडे ४ लाख आणि ४०,००० असे आहेत. हे वाचून बहुतेक जण लगेच लग्नाकडे वळतात. पण रकमेच्या आधी पैसा किती महिने अडकतो ते बघा.

निवृत्तीत ८ लाख बाथ अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात हवेत आणि मंजुरीनंतर तीन महिने तसेच राहिले पाहिजेत. उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांखाली जाता कामा नये. २०१९ पासून हा नियम आहे. म्हणजे निम्मी रक्कम कायमची बांधलेली, आणि दुसरी निम्मी वर्षातले साधारण सात महिने वापरता येते, पण पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी भरून ठेवावी लागते. घरात कुणी आजारी पडले म्हणून एकदा शिल्लक ३ लाख ९० हजारांवर आली, तरी पुढच्या वर्षी बँकेच्या बारा महिन्यांच्या उताऱ्यात ते दिसते आणि अर्ज अडतो. लग्नाच्या आधारात ४ लाख अर्जाच्या आधी दोन महिने हवेत. अंतिम शिक्का मिळेपर्यंत त्यांना हात लावू नका, त्यानंतर पैसे तुमचे.

कागदांच्या बाबतीत मात्र निवृत्ती सोपी. टीएम ७ अर्ज, फोटो, पासपोर्टच्या प्रती, पत्त्याचा पुरावा, बँकेचे पत्र आणि पासबुक, एवढ्यात काम होते आणि बहुतेक ठिकाणी शिक्का त्याच दिवशी पडतो. पासबुकात अर्जाच्याच दिवशी नोंद करून घ्या. एटीएममधून शंभर बाथ काढले तरी त्या तारखेची ओळ छापली जाते. कालची नोंद दाखवली म्हणून माणसाला परत पाठवतात.

लग्नाच्या फाइलमध्ये यावर आणखी भर पडते : विवाह नोंदीचा ताजा उतारा, पत्नीचे ओळखपत्र, तिचे घरनोंदणी पुस्तक, घराचा हाताने काढलेला नकाशा, आणि दोघांचे एकत्र फोटो. एक फोटो दारावरच्या घरक्रमांकासकट हवा, बाकीचे घरातले. अधिकारी घरी येऊन शेजाऱ्यांकडे चौकशी करू शकतात. आधी ‘विचाराधीन’ असा साधारण तीस दिवसांचा शिक्का मिळतो, मग वर्षाचा. तुमचे लग्न सोलापुरात नोंदलेले असल्याने इथेच एक काम उरकून जा. विवाह प्रमाणपत्र आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि नंतर थाई वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यायचे. तिकडे त्याचे थाई भाषांतर करून थायलंडच्या परराष्ट्र खात्याकडून प्रमाणित करायचे आणि पत्नीच्या तालुका कचेरीत, म्हणजे आम्फोमध्ये, ‘खोर रोर २२’ ही नोंद करायची. ती नसेल तर थायलंडच्या दृष्टीने तुमच्या लग्नाची नोंदच नाही. राज्य शासनाचा टप्पा राहून गेला, तर त्या एका शिक्क्यासाठी तिकडून परत यावे लागते.

आमचा सल्ला असा : ८ लाख बाथ बाजूला ठेवूनही घरखर्च निर्धास्त चालत असेल आणि काहीच काम करायचे नसेल, तर निवृत्ती घ्या. पैशाची ओढाताण होणार असेल, किंवा पुढेमागे काम करायचा विचार असेल, तर लग्न. निवृत्तीच्या मुदतवाढीवर कामाचा परवाना मिळत नाही, लग्नाच्या मिळू शकतो. पत्नीच्या खानावळीत गल्ल्यावर बसणे हेसुद्धा कायद्याने कामच आहे, हे विसरू नका. एकदा निवडलेला आधार पुढच्या वर्षी अर्जाच्या वेळी बदलता येतो, त्यासाठी देश सोडावा लागत नाही. दोन्हींचे शुल्क १,९०० बाथ, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही.

प्रश्न : आम्ही दोघेही भारतीय. मी ६१, पत्नी ५५. आम्हा दोघांसाठी वेगवेगळे ८ लाख बाथ ठेवावे लागतील का? आमचे लग्न १९९२ मध्ये झाले, पण नोंदणी केलेली नाही.
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : नाही. तुमची मुदतवाढ निवृत्तीच्या आधारावर झाली, की पत्नी तुमच्यावर अवलंबून म्हणून अर्ज करू शकते. तिच्या नावाने वेगळी रक्कम लागत नाही. पण त्यासाठी विवाह प्रमाणपत्र लागतेच. पासपोर्टवर पतीचे नाव आहे एवढ्याने भागत नाही.

लग्नाला कितीही वर्षे झाली असली तरी सोलापूर महापालिकेत उशिरा नोंदणी करता येते. लग्नपत्रिका, दोघांचे वयाचे व पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. भटजी हयात नसतील तर कोणते प्रतिज्ञापत्र द्यायचे ते खिडकीवर आधी विचारून घ्या. खरी अडचण नावाची असते. पत्रिकेत आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, त्यातही पहिले नाव बदललेले असेल तर थाई भाषांतरात त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. म्हणून पासपोर्ट समोर ठेवून प्रमाणपत्रातले इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा आणि नावातल्या बदलाचा राजपत्रातला उतारा किंवा प्रतिज्ञापत्र साक्षांकनाला सोबतच द्या.

पत्नीची परवानगी तुमच्यावर अवलंबून असते, तुमची संपली की तिचीही संपते. तिचे वय ५० च्या पुढे असल्याने पुढे कधी ती स्वतःच्या नावाने निवृत्तीचा अर्ज करू शकेल. ती सोय डोक्यात असू द्या.

प्रश्न : एवढी रक्कम सोलापूरच्या बँकेतून कशी पाठवायची? खाते दोघांच्या नावाने उघडले तर चालेल का?
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : चालणार नाही असेच धरा. आपल्याकडे ‘दोघांपैकी कोणीही’ असे खाते काढायची सवय असते, पण तिथे अर्जदाराच्या एकट्याच्या नावावरचे खाते मागतात.

८ लाख बाथ म्हणजे वीस लाख रुपयांच्या वरची रक्कम. निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची चिंता नाही. मात्र वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केला जाणारा प्राप्तिकर, घेते. २३ लाख पाठवले तर १३ लाखांवर २ लाख ६० हजार. हे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना वळते होतात, पण तोवर हातात नसतात. म्हणून निम्मी रक्कम ३१ मार्चच्या आत आणि उरलेली १ एप्रिलनंतर पाठवा. दोन महिन्यांची मोजणी पूर्ण रक्कम जमल्यावरच सुरू होते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. पैसे परदेशातून आल्याचे थाई बँकेचे पत्र त्याच वेळी मागून घ्या.

वर्षात १८० दिवस तिथे राहिलात तर तुम्ही तिथले करनिवासी होता. १ जानेवारी २०२४ पासूनचे परदेशी उत्पन्न तिथे आणले तर ते करपात्र धरले जाते. जुनी बचत आणि नंतरची पेन्शन वेगळ्या खात्यांत ठेवली तर हिशेब दाखवणे सोपे जाते.

प्रश्न : मुदतवाढ असताना गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत सोलापूरला येऊन जाता येईल ना?
– एक वाचक, बाळीवेस

उत्तर : येईल, पण निघण्यापूर्वी टीएम ८ भरून पुनर्प्रवेशाचा परवाना घ्या. एका वेळेचा १,००० बाथ, अनेक वेळांचा ३,८००. तो न घेता विमानात बसलात तर वर्षाची मुदतवाढ तिथेच रद्द होते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

प्रश्न : पत्नीचे निधन झाले तर लग्नाच्या मुदतवाढीचे काय?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : त्या आधारावर पुढची मुदतवाढ मिळत नाही. वय ५० च्या पुढे असेल तर निवृत्तीकडे वळता येते, पण ८ लाख बाथ दोन महिने आधी खात्यात असावे लागतात आणि त्या दुःखाच्या दिवसांत ते जमवणे कठीण असते. लग्नाचा आधार घेतलेल्यांनी उरलेली ४ लाखांची सोय भारतातल्या मुदत ठेवीत करून ठेवावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. घटस्फोट झाला तर शिक्क्यावरच्या तारखेवर विसंबू नका, ताबडतोब इमिग्रेशन कचेरीत जा.

प्रश्न : दर ९० दिवसांनी जावे लागते, ती मुदतवाढच का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही, ती फक्त पत्त्याची वर्दी, टीएम ४७ वर. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत देता येते, चुकल्यास २,००० बाथ दंड. मुदतवाढीची तारीख चुकली तर मात्र रोज ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,००० पर्यंत.